तात्यांची चार बोटं

"ह्यातला हा माणूस दिसायला नको," भगवानराव म्हणाले आणि त्यांनी फोटोच्या कडेला बोट ठेवलं.

फोटो त्यांच्या लग्नाचा होता. ब्लॅक अँड व्हाइट, वहीच्या पानाएवढा. नवरा-नवरी दोन खुर्च्यांवर बसलेले. भगवानरावांच्या शेजारी एक उंच तरुण ताठ उभा. बोट त्याच्यावर होतं.

"तेवढी पट्टी कापून टाकू का?" मी विचारलं.

ते दचकले. "कापू नका ताई! थोरला भाऊ आहे माझा."

"मग?"

"झाका."

तेव्हा मी पैठण गेटजवळ हमीदचाचांच्या फ्रेमच्या दुकानात काम करत होते. चाचा मालक आणि उस्तादही. दुकानात कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळं फोटोतला माणूस गायब करायचा तर ते काम पुठ्ठ्याचंच. फ्रेमच्या आत, फोटोभोवती जो जाड पुठ्ठ्याचा रुंद काठ दिसतो, त्याला आम्ही माउंट म्हणतो. लोकांना वाटतं तो शोभेसाठी असतो. शोभा आहेच, पण त्याचं खरं काम म्हणजे काच फोटोला टेकू न देणं. काच टेकली की पावसाळ्यात ओल धरते, फोटो काचेला चिकटतो, आणि मग सोडवताना आधी चेहराच सोलून निघतो. ह्या पुठ्ठ्याला मधोमध खिडकी कापतात. खिडकीत जेवढं येतं तेवढं दिसतं. बाकीचं पुठ्ठ्याखाली शाबूत राहतं.

म्हणजे काम सोपं होतं. खिडकीची उजवी कड जरा आत घेतली की थोरले बंधू आत गेले.

"एवढं काय झालं हो भावाशी?" मी माप घेता घेता विचारलं.

"पुतण्याच्या लग्नात सगळ्या मांडवाला फेटे बांधले," भगवानराव म्हणाले. "मला नाय. सख्ख्या चुलत्याला! तीन वर्षं झाली, त्याच्या गावची, सोयगावची वाट बंद आहे माझी." ते इरिगेशन खात्यातून रिटायर झाले होते. हर्सूलला नवीन घर बांधलं होतं. रविवारी वास्तुशांती होती आणि हॉलमध्ये हाच फोटो लावायचा होता. दुसरी कॉपी नव्हती. फोटो काढणारा स्टुडिओ कधीच बंद पडलेला.

ते गेल्यावर मी कागदाची खिडकी कापून फोटोवर ठेवून बघितली. पुठ्ठा कापण्याआधी असं करायचं असतं. थोरले बंधू गेले, पण त्यांची चार बोटं राहिली.

त्यांनी धाकट्याच्या पाठीमागून हात घालून पलीकडच्या खांद्यावर ठेवला होता. ती बोटं बरोबर नवरा-नवरीच्या मध्ये. एका बोटात ठळक अंगठी. नवरीचे दोन्ही हात मांडीवर, नवऱ्याचे गुडघ्यांवर. म्हणजे पाचव्या हाताला मालकच नव्हता.

मी लंबगोल खिडकी करून पाहिली, भगवानरावांचा कान गेला. खिडकी खाली ओढली, कपाळ गेलं. बोटं जागची हलेनात. चाचा मागून बघत होते. म्हणाले, "बेटी, पूरा आदमी छुपता, उंगल्यां नै छुपते."

शेवटी मला एक युक्ती सुचली. एकाच माउंटला दोन खिडक्या. एकीत नवरा, दुसरीत नवरी, मधल्या पट्टीखाली बोटं. कागदावर फार देखणं दिसत होतं. मी स्वतःवर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी भगवानराव पत्नीला, कावेरीबाईंना, घेऊन आले. बाईंनी कागद बघितला. बराच वेळ बघितला.

"ताई, ही मधी भिंत कशापायी?"

"बोटं झाकायला."

"भावाभावाचं भांडण, अन् वेगळं मलाच काढायलेत व्हय?" त्यांनी नवऱ्याकडं वळून विचारलं. "वास्तुशांतीला लोक काय म्हणतील? ह्यांचं पटत नाय?"

मागं चाचा खोकण्याचं निमित्त करून हसत होते.

"एकच खिडकी करा," भगवानराव अखेर म्हणाले. "बोटं राहू द्या. बोटाकडं कोण बघतंय?"

मी तसं केलं. डावीउजवीकडं सारखा काठ यावा म्हणून माउंट चांगला रुंद घेतला, सागवानी रंगाची पट्टी लावली. रविवारी सकाळी भिंतीवर फ्रेम टांगायला मीच गेले. कावेरीबाईंनी जेवल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून थांबले. तिथं मला कळलं की लोक नवराबायकोकडं बघतच नाहीत. बोटाकडंच बघतात.

"हा हात कुणाचा?" पहिल्या पाहुण्यानं विचारलं.

"फोटोवाल्याचा," भगवानराव म्हणाले.

"मग फोटो कुणी काढला?"

पुढच्याला त्यांनी सांगितलं, "डाग पडलाय जुना."

"डागाला अंगठी?" शेजारच्या बाईंनी चष्मा लावून विचारलं.

अकरा वाजेपर्यंत भगवानरावांना घाम फुटला होता. एवढ्यात दारात एक उंच म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. हातात काठी, काखेत पिशवी. कावेरीबाई लगबगीनं पुढं झाल्या आणि पाया पडल्या. हे बोलावणं बाईंनीच धाडलं होतं, नवऱ्याला न विचारता. हे थोरले बंधू, तात्या.

मी स्टूल, हातोडी आवरायला लागले. पळ काढायचा विचार होता, पण दारातच तात्या होते.

तात्या सरळ फोटोसमोर गेले. मान तिरकी करून बघितलं.

"भगवान, ही बोटं कुणाची रं?"

शेजारच्या बाईंनी पुन्हा चष्मा लावला.

"तुमचीच," भगवानराव पुटपुटले.

"मंग बाकीचा मी कुठंय?"

भगवानरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी हातोडीकडं पाहिलं.

"माउंटखाली," ते म्हणाले.

"जिता हाय का तिथं?"

"पूर्ण आहात," मीच सांगून टाकलं. "एक केस कापलेला नाही."

तात्या आधी खांदे हलवून हसले, मग मोठ्यानं. त्यांच्यामागं सगळा हॉल हसला. भगवानराव तेवढे हसले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायला त्यांनी आवाज चढवला. "फेटा नाय बांधला मला! सगळ्यांना बांधला!"

"फेट्यापायी?" तात्या चकित झाले. "तीन वर्षं? अरं, फेटे कमी पडले, तर मी म्हणलं भगवान घरचा हाय, तो समजून घेईल. मला तर वाटलं तू विहिरीवरून रुसलास."

भगवानरावांनी डोळे पुसले. "विहिरीचं काय?"

"आधी ताटं वाढलीत," कावेरीबाई मध्ये पडल्या आणि दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवलं. विहिरीचं काय ते त्यांनी त्या दिवशी निघू दिलं नाही.

सोमवारी फ्रेम परत दुकानात आली. आता तात्यांसकट दाखवायचं होतं. जुनीच खिडकी वाढवली असती, पण मग एका बाजूला चार बोटं काठ आणि दुसऱ्या बाजूला अर्धं बोट, असं भलतंच दिसलं असतं. म्हणून नवा माउंट कापला. फोटोला काही करावं लागलं नाही. आम्ही फोटो कधीच पूर्ण चिकटवत नाही. वरच्या कडेला कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी लटकवतो, त्यामुळं तो पाच मिनिटांत सुटा झाला.

त्यानंतरही मला असे कितीतरी लोक भेटले. कुणाला जावई नको असायचा, कुणाला भागीदार. सगळे घाईत आणि रागात असायचे, आणि बरेचजण "कापूनच टाका" म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे आणि फोटो न कापता माउंट कापायचे; राग गेला की फ्रेम परत यायची. वाया गेलेल्या पुठ्ठ्याचे लहान फोटोंसाठी माउंट होतात.