डिबगर म्हणाला झालं, काटा म्हणाला नाही

“मशीन बरोबर आहे, एवढं लिहून द्या मॅडम. पुढचं आम्ही बघतो.”

कारखान्याचे एमडी घाईत होते. काट्याच्या केबिनच्या खिडकीतून उसाच्या गाड्यांची रांग दिसत होती. त्या वर्षी पाऊस नव्हता. जो थोडा ऊस उभा राहिला होता तोही रांगेत वाळत होता. दाराबाहेर वाघमारे उभे होते. ते काटा क्लार्क, म्हणजे गाड्यांचं वजन घेणारे. मी सही केली की त्यांची नोकरी जाणार होती.

कळंब भागातला हा एक सहकारी साखर कारखाना. आमच्या पुण्याच्या कंपनीनं तिथं इलेक्ट्रॉनिक काटा बसवला होता. आठवड्यापूर्वी काट्याखालचा एक सेन्सर बदलला गेला. सेन्सर बदलला की काट्याच्या मेमरीतला एक आकडा बदलावा लागतो, कारण त्याच आकड्यावरून सेन्सरचा सिग्नल किलोत मोजला जातो. माझे बॉस राणे सर स्वतः येऊन नवा आकडा घालून गेले होते. त्यानंतर एका ट्रॅक्टरवाल्यानं येता येता कळंबच्या धर्मकाट्यावर, म्हणजे बाहेरच्या सार्वजनिक काट्यावर, वजन केलं, आणि कारखान्यात तीच गाडी हलकी भरली. मशीन तर नुकतंच दुरुस्त झालेलं. मग संशय माणसावर.

राणे सरांनी काट्याला जोडलेला डिबगर आठवडाभर तसाच चालू होता. मी तो बघितला. डिबगर म्हणजे चालू प्रोग्रामच्या पोटात डोकावायचं साधन. आमचा होता सुटकेसएवढा, छोट्या स्क्रीनचा. त्यावर नवा आकडा दिसला. बरोबर होता.

“बघा,” एमडी म्हणाले.

“टेस्टची वजनं ठेवून बघते,” मी म्हटलं. मला जास्त बोलायची सवय नाही. जे बोलायचं ते मनात एकदा जुळवून घेते.

हमालांनी लोखंडी वजनं काट्यावर रचली. वाघमाऱ्यांना मी लांबच उभं राहायला सांगितलं. काट्यावरचं वजन तरीही कमी आलं.

रांगेतले एक म्हातारे गाडीवान ओरडले, “ताई, तुमचं मशीन बी उपास धरतंय व्हय? ह्या सालात समदेच वाळाय लागलेत!”

लोक हसले. वाघमारे हसले नाहीत.

“खाली कायतरी अडकवलं असंल यानं,” एमडी म्हणाले. काट्याखालचा खड्डा झाडून झाला. खाली भुसा निघाला, दुसरं काही नाही.

“मॅडम, मी हात लावला न्हाय,” वाघमारे म्हणाले. “कारखान्यात एवढी वर्षं काढली. पोरं शाळेत हायेत. चोर म्हणून घरी कसं जाऊ?”

मी कारखान्याच्या ऑफिसात फोनकडे गेले.

पुण्याला ट्रंक कॉल लावला. राणे सर म्हणाले, “आकडा दिसतोय ना? मग रिपोर्ट दे आणि संध्याकाळची एसटी पकड.”

मी परत केबिनमध्ये आले. आकडा बरोबर आणि वजन चूक, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. म्हणून डिबगरवर मी मुद्दाम आकडा दुप्पट केला. स्क्रीननं लगेच दुप्पट दाखवला. आता काट्यावरचं वजनही दुप्पट व्हायला हवं. ते तसूभरही हललं नाही.

डिबगर बंद केला, पुन्हा चालू केला. आता स्क्रीनवर ना दुप्पट आकडा होता, ना राणे सरांनी घातलेला. सेन्सर बदलण्याआधीचा जुना आकडा होता.

झालं होतं ते असं. डिबगर आणि काटा यांच्यामधली केबल फार हळू. म्हणून डिबगर मेमरीची एक कॉपी स्वतःजवळ ठेवतो आणि तीच पटकन दाखवतो. या कॉपीला कॅशे म्हणतात. तुम्ही आकडा बदललात की तो आधी कॉपी बदलायचा, मग मेमरीत लिहायचा. लिहिणं फसलं तरी कॉपी बदललेलीच. एसटी स्टँडवर मास्तरनं फळ्यावर ‘परंडा – सुटली’ लिहावं आणि गाडी पंक्चर होऊन आतच उभी असावी, तसं. आणि आम्ही सगळे फळा बघत होतो.

लिहिणं का फसलं, तेही कळलं. या नव्या काट्यात मेमरीला कुलूप लावणारा एक खटका होता. तो पेटीच्या आत, आणि पेटीवर वजनमापे इन्स्पेक्टरचं शिशाचं सील. सील फोडल्याशिवाय आकडा बदलूच नये, यासाठीच तो ठेवलेला. डिबगर होता जुन्या, बिनखटक्याच्या काट्यांसाठी लिहिलेला. लिहिणं फसू शकतं हे त्याला माहीतच नव्हतं.

“मशीन चूक आहे. तसं लिहून देते,” मी एमडींना म्हटलं. “यांनी काही केलेलं नाही.”

“कंपनीविरुद्ध लिहिताय?”

“काट्याबद्दल लिहितेय.”

उस्मानाबादहून इन्स्पेक्टर आले. त्यांनी सील फोडलं, मी खटका सरकवला, आकडा लिहिला, डिबगर बंद-चालू करून पुन्हा वाचला. मग वजनं ठेवली. अचूक. खटका परत लावून नवं सील लागलं. वाघमारे केबिनमध्ये शिरले, खुर्चीवरची धूळ फडक्यानं झटकली आणि खिडकीतून हाक मारली, “घ्या फुडं गाडी!”

पुण्यात राणे सरांनी तेच डिबगरवर स्वतः करून पाहिलं. “ठीक आहे. लिहिणं फसलं तर कॉपीत जुना आकडा परत ठेवू.”

“नको, सर. आकडा दोन तुकड्यांत जातो. एक गेला आणि दुसरा अडला, तर जुनाही खोटा आणि नवाही. कॉपी फेकून द्यायची. मेमरीतूनच पुन्हा वाचायचं.”

“आणि स्क्रीनवर काय दाखवायचं?”

“लिहिता आलं नाही, असं.”

डिबगर तसा बदलला. पुढच्या हंगामात राणे सर तो घेऊन त्याच कारखान्यात गेले. परत आले ते थोडे वैतागूनच. आकडा घालून सामान आवरताना वाघमाऱ्यांनी त्यांना दारात अडवलं होतं.

“साहेब, जायच्या आधी ती तुमची डिबगरची पेटी एकदा बंद करून चालू करा. माझ्या म्होरं.”

सरांना करावं लागलं. आता आमच्या कंपनीत प्रत्येक इंजिनियरला ते करावंच लागतं.