डिस्क गेली, असं मी सांगितलं

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. एरवी त्याला माझं सगळं कळतं — कुठल्या गिऱ्हाइकाशी वाजलं, कुणाला तोंडावर सुनावलं, सगळं. हे मात्र नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर जीभच रेटली नसती.

रत्नागिरीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवातीला लोक दारातून डोकावून विचारायचे, मेकॅनिक कुठे गेलाय? मी म्हणायचे, तुमच्यासमोर ओढणी खोचून बसलाय तो कोण मग? अशी मी, फटकळ. लोक हसायचे, मशीन ठेवून जायचे आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला घेऊन यायचे. बाई हुशार आहे हो, असं बाजारात बोललं जायचं, आणि ते ऐकायची मला चटक लागली होती. हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी बिचारी व्हायला लागले, तर तिथेच अडवा मला.

दत्ताराम संगमेश्वरच्या आतल्या एका गावचा. मुंबईत नोकरी करायचा, वडील गेले तसा गावी परतला. त्याच्या घराकडे देवाला गाऱ्हाणं घालायचा मान. कोकणातले नसाल तर सांगते — शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसली, की मानाच्या घरातला कर्ता माणूस नारळ हातात धरून साऱ्या गावाच्या वतीने देवाशी बोलतो. कुठल्या वाडीचा राखणदार देव आधी, कुठला मागून, कुणाचं नाव कसं घ्यायचं, सगळं तोंडपाठ. लिहायचं नाही. बापाकडून लेकाकडे कानानेच जायचं. आणि हा लेक तर मुंबईत! म्हातारा अंथरुणाला खिळला तेव्हा यानं गळ घालून ते त्याच्याकडून म्हणवून घेतलं, रेकॉर्ड केलं. म्हाताऱ्यानं अट घातली — शीक, पण फोनवरून कुणाला पाठवायचं नाही, देवाचं बोलणं असं फिरवायचं नाही. म्हणून ते लॅपटॉपवर ठेवलं आणि फोनमधून पुसलं. बापाचा शब्द पाळला त्यानं. जगात ते तेवढ्या एकाच जागी होतं.

तो लॅपटॉप मधेच अडकायला लागला. निळा पडदा यायचा, आपोआप बंद पडायचा. शिमगा तोंडावर आलेला. काउंटरवर मशीन ठेवून दत्ताराम म्हणाला, "ताई, बाकी सगळा गेला तरी चालंल. बाबांचा आवाज तेवढा आधी काढून घ्या, माझा अजून अर्धाच पाठ झालाय." डेस्कटॉपवरचं फोल्डर त्यानं बोट लावून दाखवलं. मी म्हटलं, बिनघोर जा.

मग मी काय केलं? आमच्या धंद्यात करतात तेच. मशीन अडकतंय ना — मारा फॉरमॅट, मग बघू. ते फोल्डर पेनड्राइव्हवर ओढलं. क्षणात कॉपी झालं. इतकं लांबलचक रेकॉर्डिंग, आणि क्षणात? मला शंका यायला नको होती? पण मी फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होते. जुनं सगळं उडवलं आणि विंडोज नव्यानं टाकायला लावलं. तर ते टाकतानाच मशीन परत अडकलं. तेव्हा कुठे मागचं झाकण उघडलं. आमच्या खाऱ्या हवेनं रॅमच्या पट्टीवर हिरवट थर चढला होता. शाळेतल्या खोडरबरानं घासली, परत बसवली, आणि मशीन सुरळीत चालू झालं. एवढंच होतं दुखणं. फॉरमॅटची गरजच नव्हती.

नंतर पेनड्राइव्ह लावला. ते फोल्डर नव्हतंच. शॉर्टकट होता. म्हणजे घर नव्हे, घराकडे बाण दाखवणारी पाटी. त्या चिन्हाच्या कोपऱ्यातला छोटा बाण न पाहिल्याबद्दल मी गिऱ्हाइकांना किती टोचून बोलले असेन! खरं घर डिस्कमध्ये आत कुठेतरी होतं, आणि मी त्याच्यावर नांगर फिरवला होता.

पण थांबा. एवढंच असतं तर मी हे तुम्हाला सांगत बसले नसते. चूक कुणाच्याही हातून होते. असे उडालेले लग्नाबारशांचे फोटो मी कितीदा परत काढून दिलेत. त्याच मिनिटाला मशीन बंद करायचं, डिस्क बाहेर काढायची, तिच्यावर पुढे काही लिहू द्यायचं नाही — बहुतेक वेळा निघतं सगळं. मला हे येत होतं. फक्त वेळ लागला असता, आणि दत्तारामला फोन करून सांगावं लागलं असतं की भाऊ, माझ्या हातून असं असं झालं.

फोन केला मी. म्हटलं, "तुमची डिस्कच गेलीय हो. मी लावायच्या आधीच गेली होती."

का म्हटलं? नाही सांगता येत. तोंडातून गेलं. तो म्हणाला, मुंबईत ओळखीचा एक आहे, मेलेल्या डिस्कमधून पण काढतो म्हणतात, त्याला दाखवू काय? त्या माणसानं डिस्क लावली असती तर आतलं सगळं निघालं असतं, आणि कळलं असतं — बाईनं फॉरमॅट मारलाय. मी म्हटलं, दोन दिवस द्या, मीच आणखी प्रयत्न करते. तो म्हणाला, "ताई, तुमचे लय उपकार."

आणि मग मी ती डिस्क कोरी केली. एक प्रोग्राम असतो, डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहीत जातो. त्यानंतर कुणाचा बाप आला तरी काही निघत नाही. पडद्यावर पट्टी पुढे सरकत होती. कधीही थांबवता आलं असतं, एका बटणाचं काम. मी चहा मागवला. समोर बसून प्यायले. पट्टी संपेपर्यंत बसले.

त्याला नवी डिस्क बसवून दिली, जुनी हातात ठेवली. त्यानं ती मुंबईला पाठवलीच. तिथून निरोप आला, यात काही मिळण्यासारखं नाही. दत्ताराम मुद्दाम दुकानात येऊन मला ते सांगून गेला — ताई, तुम्ही म्हणालात तेच खरं निघालं. आणि शिमग्याला यायचं म्हणून गळ घातली. नाही कसं म्हणायचं?

गेले. ढोल थांबले, पालखी सहाणेवर बसली, दत्ताराम पुढे झाला. सुरुवात छान केलीन त्यानं. वाक्य संपलं की सगळा गाव एका आवाजात म्हणायचा, व्हय म्हाराजा! मग राखणदारांची नावं आली. दोन घेतलीन. तिसऱ्याला थांबला. एका म्हाताऱ्यानं मागून एक नाव सांगितलं, त्याच्या पुढचं त्यालाही येईना. बायकांनी माना खाली घातल्या. शेवटी कुणी तरी म्हणालं, ऱ्हाव दे रे, देव समजून घील. दत्तारामनं डोळे पुसले, मधलं सगळं सोडलं आणि शेवटाकडे आला.

आणि शेवटी आपल्या मनाचं एक जोडलं. "म्हाराजा, ही रत्नागिरीची मीनाताई. बाबांच्या आवाजासाठी हिनं रात्रीचा दिवस केलान. यश नाय आला, पण कसूर ठेवलीन नाय. हिच्या पोराबाळांचा बरा कर, हिची इडापिडा टाळ, धंद्याला बरकत दे, म्हाराजा!"

व्हय म्हाराजा! — सगळा गाव.

आणि मीही. माझ्याच तोंडून निघालं, सगळ्यांबरोबर, मोठ्यानं.

त्याला कित्येक शिमगे झाले. मुलं माझी गुणी निघाली. दुकान जोरात चालतं, शेजारचा गाळाही घेतला. दत्ताराम अजून मशीन माझ्याकडेच आणतो, येताना फणस नाहीतर कोकमं घेऊन येतो, आणि मी ती घेते. त्याला मी आजवर काही सांगितलेलं नाही. ती मधली नावं कुणालाच आठवली नाहीत, ती गेली. त्या राखणदारांना त्या गावात आता कुणी हाक मारत नाही. माझं नाव मात्र तो दरवर्षी घेतो. यंदा सांगत होता, त्याचा थोरला मुलगा शेजारी उभा राहून ऐकून ऐकून गाऱ्हाणं पाठ करतोय — माझ्या नावासकट.