पाटीवरची शिफारस

सोमवारी सकाळी सोसायटीच्या अध्यक्षांनी नीलाताईंच्या कॅसेटच्या दुकानाबाहेरची पाटी ओल्या फडक्याने पुसली. तिच्यावर दर आठवड्याला दोन पंक रॉक अल्बमांची शिफारस असते. एक जुना, एक नवा.

"ताई, हा नुसता आरडाओरडा आहे. इथे लहान मुलं राहतात."

"मग त्यांना पाठवा. तुमचं वय गेलं."

ताईंनी पुन्हा खडू घेतला. आवडलेला अल्बम दुसऱ्याला सांगितल्याशिवाय माणसाला राहवत नाही. ज्यांना कोणी माइक दिला नाही, त्यांनी गिटारच्या तीन कॉर्डमध्ये काढलेली चीड तर ऐकणाऱ्यालाही गप्प बसू देत नाही.

बुधवारपर्यंत पाटी आणखी दोनदा पुसली गेली. गुरुवारी सकाळी त्याच दोन अल्बमांची नावं दुकानाच्या शटरवर ताईंच्या अक्षरात, लाल ऑइलपेंटने लिहिलेली होती.