दोन माणसं उंचीवरनं पडलो आणि सांगितलं पायरीवरनं

माझ्या पाठीचा एक्स-रे फोटो खिडकीच्या उजेडाला धरून मोठे डॉक्टर म्हणाले, "कॉम्प्रेशन फ्रॅक्चर." मग माझ्याकडं वळून सोपं करून सांगितलं, "खोक्यांच्या थप्पीत मधलंच एक खोकं चेपावं, तसा तुमचा कमरेवरचा मणका चेपलाय. त्याचा दाब नर्व्हवर आलाय." नर्व्ह म्हणजे मेंदूचा हुकूम पायापर्यंत नेणारी शीर. म्हणून माझ्या उजव्या पायाचा अंगठा उचलत नव्हता.

"चालता येईल का?" मी विचारलं.

"आज नाही सांगता येणार. सहा आठवडे पाठीवर सपाट पडायचं. बसायचं नाही, वाकायचं नाही. मग बघू."

हा फोटो चार दिवस आधीच निघायला पाहिजे होता. निघाला नाही तो माझ्यामुळं. मी तिसरी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण उंचावर काम करणाऱ्या कुणी माझ्यासारखं करू नये म्हणून लिहितोय.

मी मूळचा राहुरी तालुक्यातला. नगरला मार्केट यार्डात तीस वर्षं पोती वाहिली. धान्याची थप्पी छपराला टेकेपर्यंत लावायची आणि तिच्यावर सरसर चढायचं. एकदाही पडलो नाही, आणि हे मी भेटेल त्याला सांगायचो. वय व्हायला लागलं तसा औद्योगिक वसाहतीतल्या एका गोडाऊनमध्ये लागलो. तिथं इंजिनाचे सुटे भाग ठेवायचे, भिंतीसारख्या उंच रॅकमध्ये.

तिथं एक दिवस परदेशातनं मशीन आलं. ऑर्डर पिकर ट्रक. साधा फोर्कलिफ्टवाला खाली बसून माल वर चढवतो. यात माणूस स्वतःच वर जातो, पाहिजे ते खोकं हातानं काढून घेतो आणि खाली येतो. आम्ही त्याला पाळणा म्हणायला लागलो. पहिल्यांदा वर गेलो तेव्हा छाती नुसती धडधडत होती. जन्मभर पाठीवर ओझं घेऊन शिडी चढलो आणि आता एक दांडी ओढली की मीच वर. सगळं गोडाऊन पायाखाली. त्या दिवशी जेवण गेलं नाही, घरी त्याच गोष्टी.

साहेबांनी शिकवलं होतं नीट. बूट घालायचे. कमरेचा पट्टा मशीनच्या खांबाला अडकवायचा. आणि पायाखाली पेडल. त्याच्यावर पाय असला तरच मशीन चालतं, पाय उचलला की ब्रेक लागून जागच्या जागी थांबतं.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. हळदीकुंकू, झेंडूची माळ, नारळ. त्यानंतर त्याच्यावर बूट घालून चढायला माझं मन घेईना. धान्याच्या थप्पीवर आम्ही कुणी कधी पायताण घालून चढलो नाही, ती सवय अंगात मुरलेली. मी बूट खाली काढून ठेवायचो. पण पेडलचा पत्रा किसणीसारखा खरखरीत, अनवाणी तळव्याला सोलून काढायचा. मग मी काय केलं, रॅकमधला एक जड लोखंडी भाग त्या पेडलवर ठेवून दिला. पेडल आपोआप दाबलेलं आणि पाय मोकळा. मोठी अक्कल काढली असं मला वाटलं.

माझा जोडीदार नामदेव खाली उभा राहून माल मोजायचा. तो म्हणाला, "तात्या, आवो पट्टा तरी बांधा."

"पट्टा कुनाला बांधत्यात ठावं हाय का तुला?" मी म्हणालो. तो हसला, आणि मी बांधला नाही.

पडलो त्या दिवशी दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या उंचीवर होतो. एक खोकं रॅकमध्ये आत सरकलेलं, हात पुरेना. थप्पीवर करायचो तसा एक पाय मशीनवर ठेवला आणि दुसरा रॅकवर टाकला. पेडल दाबलेलंच होतं, म्हणजे ब्रेक मोकळा. माझ्या पायाचा रेटा बसला तसं मशीन मागं सरकलं आणि मधल्या मोकळ्या जागेतनं मी सरळ खाली, दोन्ही टाचांवर.

नामदेव धावत आला. कळ डोक्यात गेली होती, तरी माझं पहिलं बोलणं काय, तर "त्यो लोखंडाचा तुकडा काढ. पायरीवरनं घसरलो म्हनायचं."

"तात्या, पाय बघा की आधी."

"पायाचं मी बघतो."

तीस वर्षं न पडलेला माणूस यंत्रावरनं पडला, हे कुणी ऐकायला नको होतं मला. एवढंच.

सरकारी दवाखान्यात डाव्या टाचेचा फोटो निघाला. कॅल्केनियम फ्रॅक्चर, म्हणजे टाचेचं हाड मोडलं. प्लास्टर घातलं. पाठ ठणकत होती, उजव्या पायाला मुंग्या येत होत्या. ते मी बोललोच नाही. पायरीवरनं घसरलेल्याची पाठ कशाला दुखंल? ते सांगितलं असतं तर बिंग फुटलं असतं.

चौथ्या दिवशी घरी सोडणार होते. एसटीनं राहुरी आणि पुढं बैलगाडी, असं ठरवून आमची मंडळी, म्हणजे बायको, कपड्यांची पिशवी भरत होती. तेवढ्यात मोठे डॉक्टर फेरीला आले. टाचेचा फोटो बराच वेळ बघत राहिले.

"पायरीवरून?"

"व्हय."

"पायरीवरून टाच अशी नाही चुरा होत. किती उंचीवरून पडलात?"

"पायरीच हुती."

त्यांनी मला कुशीवर वळवून पाठीवर अंगठा दाबला. मी ओरडलो. मग म्हणाले, उजव्या पायाचा अंगठा वर करा. मी सगळा जोर लावला, अंगठा ढिम्म. तोवर मला माहीतच नव्हतं.

डॉक्टर नामदेवाकडं वळले. "तुम्ही होता ना तिथं?"

नामदेवानं माझ्याकडं बघितलं. यार्डातही तो माझ्या जोडीला होता. त्याच्या तोंडून मला खोटं वदवून घ्यायचं होतं, आणि त्याचा चेहरा बघून ते माझ्याच्यानं झालं नाही.

"मशीनवरनं पडलो," मी म्हणालो. "दोन मानसं उंच."

डॉक्टर रागावले नाहीत. पलंगावरची उशी काढायला लावली आणि म्हणाले, "उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाच्या पाठीचा फोटो आम्ही आधी काढतो, बाबा. दणका टाचेतनं सरळ मणक्यात जातो. आज बैलगाडीत बसला असतात तर दोन्ही पाय गेले असते."

डॉक्टर गेल्यावर मंडळी म्हणाली, "पडला ते पडला. तोंड तर शाबूत हुतं न्हवं? मग खरं सांगायला काय झालतं?"

मग तो पाठीचा फोटो निघाला आणि मी फळीवर सपाट. कूस बदलायची तर चौघांनी धरून लाकडाच्या ओंडक्यासारखं एकदम फिरवायचं, कंबर पिळता कामा नये. छताकडं बघत पडून राहायचं. रोज सकाळी डॉक्टर पायाला टाचणी टोचायचे, "लागतंय का?" आणि "अंगठा वर." लागायचं, पण अंगठा उठायचा नाही. ते पुढं गेले की मी दिवसभर एकटाच त्या अंगठ्याशी झगडायचो. घाम फुटायचा.

एकोणिसावा दिवस. मंडळी पायाला तेल लावत होती. अचानक तिचा हात थांबला.

"हलला," ती म्हणाली.

"कायतरीच."

"आवो हलला. पुन्यांदा करा."

मी केलं. पोरानं झोपेत बोट हलवावं तेवढंच, पण हललं. तिनं तेलाची वाटी तशीच खाली ठेवली आणि वॉर्डभर सांगत सुटली. सिस्टर आल्या, डॉक्टर आले, शेजारच्या खाटेवरचे उठून बघायला आले. मी वीस वेळा तरी अंगठा हलवून दाखवला असेल. रडत होतो आणि हसत होतो. पहिलवानानं कुस्ती मारल्यावर काय होत असेल, ते मला त्या एका अंगठ्यानं दाखवलं.

सातव्या आठवड्यात छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टरचं जाकीट चढवलं आणि उभं केलं. जमीन लई खाली दिसली. नामदेव एका बाजूला, मंडळी दुसऱ्या बाजूला. खिडकीपर्यंत अकरा पावलं. मी मोठ्यानं मोजली.

घरी सोडताना मी विचारलं, काम करता येईल का. डॉक्टर म्हणाले, "ओझं उचलायचं नाही, कधीच नाही. पण ते मशीन नीट वापरलंत तर ओझं तेच उचलेल की."

सात महिन्यांनी गोडाऊनला गेलो. सगळ्या गड्यांना गोळा केलं आणि बूट, पट्टा, पेडल, माझी अक्कल, सगळं सांगितलं. एक जण गालात हसला. हसू दे. डॉक्टरांचे उपकार आहेत, सिस्टरांचे आहेत, नामदेवाचे तर फेडता यायचे नाहीत. बाकी तुम्हाला एवढंच सांगतो की पडलात तर किती उंचीवरनं ते पहिल्यांदा सांगा, मग कुणीही हसो.

मग बूट बांधले, पट्टा अडकवला, पेडल मोकळं आहे का ते हातानं चाचपून बघितलं आणि पाय ठेवला. पाय उचलून बघितलं, खटकन ब्रेक लागला. परत ठेवला. नामदेवानं खालनं हात केला आणि मी दांडी ओढली. छाती पहिल्या दिवसासारखीच धडधडत होती.