वडप्याच्या गोडाउनातली बॅच फाईल

वडप्याच्या गोडाउनमधले आम्ही तिघं कधी भेटलो, की चहा येईपर्यंत एक किस्सा होतो आणि चहा संपेपर्यंत आणखी दोन आठवतात. सगळे एकाच कॉम्प्युटरचे. मी तिथे ऑपरेटर, म्हात्रेकाका सुपरवायझर, अन्सारीभाई मेंटेनन्सला. नारपोलीत बारा वर्षं कापडाचे लूम दुरुस्त करून ते आमच्याकडे आले होते.

आमच्याकडून सलाइनची खोकी हॉस्पिटलांना जायची. लेबलाशिवाय खोकं हलत नसे, आणि लेबलं छापायची एक जुनी बॅच फाईल होती, विंडोजला एकापाठोपाठ एक हुकूम देणारी. नाव टाकायचं, एंटर मारायचं, झालं.

*

एका बुधवारी हेडऑफिसच्या इंजिनिअरने विंडोजवरच युनिक्ससारखं शेल, म्हणजे हुकूम टाइप करायची वेगळी खिडकी, बसवलं. यापुढे सगळं त्यातूनच करायचं, म्हणाला आणि गेला. मी फाईलचं नाव टाकलं. उत्तर आलं, अशी कमांडच नाही.

बाहेर ट्रक उभा. इंजिनिअरला फोन लावला. "बॅच फाईल त्यात चालणार नाही. सोमवारी नवीन प्रोग्रॅम आणतो."

म्हात्रेकाकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "समोर तर हाय फाईल. मग न्हाय कशी म्हणतो?"

पंखा दुरुस्त करणारे अन्सारीभाई स्टुलावरूनच म्हणाले, "मॅडम, ये ढूँढता कहाँ है?"

शेलबरोबरचे छापील कागद मी पुन्हा उघडले. ते ठरलेल्या जागीच शोधतं, आपण उभे आहोत तिथे बघतच नाही. 'इथलीच' असं सांगायला नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यायची. दिली. प्रिंटर खडखडला आणि ट्रक वेळेत निघाला.

*

गुरुवारी फाईल दुसऱ्या ड्राइव्हवर होती. मी पूर्ण पत्ता टाकला, पुन्हा नकार. मी दहादा तपासलं. अन्सारीभाईंनी एकदाच पाहिलं. "आपने रेघा डाली थी. इसने खा ली."

खरंच, उत्तरात पत्त्यातल्या सगळ्या उलट्या तिरक्या रेघा गायब होत्या. त्या सुलट्या करून टाकल्या आणि लेबलं सुरू.

*

शनिवारी ऑर्डरींचा ढीग. एकेक फाईल चालवण्याऐवजी मी शेलमध्येच ओळ लिहिली, की प्रत्येक ऑर्डरसाठी विंडोजच्या स्वतःच्या कमांड प्रोग्रॅमला बोलाव आणि बॅच फाईल चालव. पहिल्याच ऑर्डरीला सगळं थांबलं.

"आत जाऊन पाहुण्यासारखा बसलाय," काका म्हणाले.

तसंच होतं. काम करून बाहेर ये, हे सांगायचं राहिलं होतं. त्याला एक तिरकी रेघ आणि 'सी' लागतो. तो घातला. दुपारभराचं काम आमचा डबा खाऊन होईपर्यंत उरकलं. काकांनी त्या दिवशी आपल्या डब्यातली बोंबलाची चटणी न मागता वाढली.

*

सोमवारी इंजिनिअर नवीन प्रोग्रॅम घेऊन आला आणि माझ्या खुर्चीत बसला. पहिलं लेबल कोरं आलं. दुसरंही. वज्रेश्वरीकडच्या हॉस्पिटलची गाडी दारात उभी, ड्रायव्हर दोनदा आत डोकावून गेला. इंजिनिअरच्या कपाळावर घाम.

शेवटी तो हळूच म्हणाला, "ती जुनी फाईल तुम्ही यातून चालवता, असं ऐकलं."

"चालवतो की," काका म्हणाले. "कुठं अडतं ते अन्सारीभाई दावतात."

इंजिनिअरने अन्सारीभाईंकडे पाहिलं. "तुमचं शिक्षण?"

"सातवी."

इंजिनिअर उठला. "बसा," त्यांना म्हणाला.

"कुर्सी मॅडम की है," अन्सारीभाई म्हणाले, आणि फडक्याने पुसून ती माझ्याकडे सरकवली.