सेव्हिलचा मनोरा पूर्ण आलाय

मंडळी, आत्ताच मनीमाजऱ्याहून घरी आलो. तिथल्या आमच्या ओळखीच्या मराठी डॉक्टरांनी स्पेनमधल्या सेव्हिलच्या सहलीचे फोटो बघायला बोलावलं होतं. रोल आजच धुऊन आला होता.

"हिला इतिहास काय कळतोय! कॅमेरा धरायला नेली होती," पाकीट फोडताना ते बायकोदेखत म्हणाले. आम्ही हसलो.

कॅथेड्रलचा मनोरा, राजवाडा, जुनी तटबंदी, सगळं टोकापर्यंत झकास आलं होतं. आणि प्रत्येक फोटोत तळाशी डॉक्टरांचं फक्त टक्कल!

"अक्कल आहे का तुला?" ते ओरडले.

वहिनी चहा ओतत शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही मावेनात. तुमचं तोंड रोजच बघते, मनोरा पुन्हा कुठे दिसणार?"

आम्ही परत हसलो, जरा जास्तच.

तुमच्या घरी फोटो कोण काढतं?