वरच्या मजल्यावरची सुनावणी

अख्ख्या सिंगापुरात कुठलंही यंत्र घरात घेण्याआधी त्याची रीतसर सुनावणी घेणारा एकच माणूस होता, आणि तो बुकित पंजांगच्या ब्लॉकमध्ये बरोबर आमच्या डोक्यावर राहत होता. मूळचे भंडाऱ्याकडचे, वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत संशोधक. सुनावणी रविवारी सकाळी. त्यांच्याकडे राइस कुकर आला तेव्हा खोकं न उघडता टेबलावर ठेवलेलं, समोर ते स्वतः डायरी घेऊन, बाजूला वहिनी, मुलगी आणि 'सामान्य जनता' म्हणून खालून बोलावून आणलेला मी. प्रश्न ठरलेले तीन: फायदा कोणाचा, त्रास कोणाला, आणि बिघडलं तर सांगायचं कोणी? समोरच्या दारातल्या चिनी आंटींची साक्षही झाली. "माय वन टेन इयर्स ऑलरेडी, स्टिल कॅन," म्हणजे त्यांचा कुकर दहा वर्षं झाली तरी चालतोय, एवढं बोलून त्या गेल्या. मुलगी म्हणाली, "पप्पा, जस्ट ओपन लाह, आय एम हंग्री." हे वाक्य 'त्रास कोणाला' या मथळ्याखाली नोंदवलं गेलं. कुकर मंजूर व्हायला दुसरा दिवस उजाडला, तोवर आम्ही सगळे खाली हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवर जाऊन जेवलो.

गंमत अशी की नव्या वस्तूवर इतका संशय घेणारा हा माणूस दिवसभर स्वतः जगातली सगळ्यात नवी वस्तू बनवत असे. त्यांनी मला ती इतक्यांदा समजावली की शेवटी ती समजल्यासारखं मला वाटू लागलं. पुढेमागे क्वांटम संगणक येतील, आज आपण ज्या कुलपांत पत्रं आणि पैसे ठेवतो ती कुलपं ते उघडतील. म्हणून आत्तापासूनच प्रकाशाच्या सुट्या कणांतून गुप्त किल्ली पाठवायची. मधे कोणी डोकावलं की कण बिथरतात आणि डोकावणारा पकडला जातो. हेच त्यांनी एकदा कॉफीच्या टपरीवरच्या बाईंनाही सांगितलं. बाईंनी कप पुसत विचारलं, "दॅट टाइम माय लेटर ऑल्सो सेफ, ऑर ओन्ली बिग बॉस लेटर?" आमचे शेजारी इतके खूश झाले की कॉफी तशीच राहिली. "तीन परिषदा झाल्या," ते मला म्हणाले, "हा प्रश्न एकानेही विचारला नाही."

परतताना त्यांनी आईचं सांगितलं. वडील भिलाईच्या कारखान्यात, आईला वाचता येत नव्हतं, आणि वडिलांचं पत्र गावातला दुकानदार वाचून दाखवायचा. आई घरी पोचायच्या आत पत्रातलं गावाला ठाऊक झालेलं असायचं. "मोठे लोक कुलपं बदलून घेतील हो," ते म्हणाले. "उघडी पडतील ती बाकीच्यांची पत्रं."

पुढे त्यांचं यंत्र एका कंपनीला विकत घ्यायचं होतं. कंपनीच्या आणि काही बँकांच्या माणसांसमोर ते चालवून दाखवायचा दिवस ठरला, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनाच त्यातली खोट सापडली. विशिष्ट तऱ्हेने झगझगीत उजेड टाकला की यंत्र आंधळं व्हायचं, मग खुशाल डोकवा, कोणाला पत्ता लागायचा नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं म्हणणं, आधी दाखवू, मग दुरुस्त करू. इकडे नोकरीचा करार दोन महिन्यांत संपत होता. तो वाढला नाही तर इथे राहायचा पास जाणार, आणि मुलगी तर प्रायमरी सिक्सला, मोठ्या परीक्षेच्या वर्षात. मी कळवळून म्हणालो, "अहो, एवढा एक दिवस गप्प बसा." "मी गप्प बसलो तर हे असंच विकलं जाईल," ते म्हणाले आणि माझ्यापुढे चहा सरकवला. वहिनी चहाचं भांडं उचलून आत गेल्या. मला त्यांचीच फार दया आली.

मी एका बँकेत नोकरीला, आणि त्या दिवशी तिथून मलाच पाठवलं होतं. भिंतीवर भल्यामोठ्या अक्षरांत 'कधीच न फुटणारं' असं लिहिलेलं. त्याच्याखाली उभं राहून आमचे शेजारी हसतमुखाने म्हणाले, हे फुटतं, गेल्या मंगळवारी मीच फोडलंय, पाच मिनिटं असतील तर दाखवतो. आणि खरोखर दाखवलं, मुलीचं प्रगतिपुस्तक दाखवावं इतक्या कौतुकाने. पाहुण्यांनी फायली मिटल्या. प्रमुख छताकडे बघत राहिले. इतका आनंदात असलेला माणूस मी त्या इमारतीत दुसरा पाहिला नाही.

करार वाढला नाही. मुलीची परीक्षा होईपर्यंत राहता यावं म्हणून त्याच प्रमुखांनी काही महिने मिळवून दिले, हेही सांगायला हवं. डिसेंबरात ते नागपूरला कॉलेजात शिकवायला निघाले. सामान खाली उतरत असताना मी वहिनींना म्हणालो, "तुम्ही त्यांना एका शब्दाने अडवलं नाहीत." त्या हसल्या. "अडवू कशाला? त्या दिवशी सकाळी मीच म्हटलं, सांगून मोकळे व्हा. नाहीतर वर्षभर घरात तोंड पाडून बसले असते."

म्हणजे त्या घराला गप्प बसा म्हणणारा मी एकटाच होतो. त्यांच्या भल्याचं सांगतोय असं तेव्हा मला वाटलं होतं. आता वर दुसरं कुटुंब आलंय, भली माणसं आहेत, घरात लागेल ते आणतात आणि वापरतात. रविवारी सकाळी मला कोणी वर बोलावत नाही. खरं सांगायचं तर मला त्यांची नोकरी वाचवायची नव्हतीच. ते जाऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं होतं.